पल्ला लिटरमध्ये मोजावा

उन्हाळा लागला की डोंगर गाठायचा, हा उत्तर भारताचा जुना रिवाज. मे महिन्यात दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, फरीदाबादच्या गाड्या मसुरी-नैनितालच्या रस्त्याला लागतात. महाराष्ट्रात हाच मान माथेरान-महाबळेश्वरला. डोंगर म्हटला की गारवा, ही समजूत इतकी अंगवळणी पडली आहे की पाठीवर सॅक घेऊन चार-चार दिवस चालणारा भटक्याही नकळत तिच्याच भरवशावर निघतो. फरीदाबादच्या पश्चिमेची अरवली ही समजूत पहिल्या तासाभरातच मोडून काढते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे दोनशे मीटरवर आहे आणि इथली रांग त्याहून जेमतेम शंभर-सव्वाशे मीटर उंच. उंचीबरोबर हवा दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे मंगर किंवा कोट गावच्या माथ्यावर चढून पदरात पडणार पाऊण अंश, आणि तोही कागदावरच. प्रत्यक्षात दिवसभर तापलेला क्वार्टझाइटचा कातळ खालून भाजत असतो, आणि मंगरच्या बणीतला, म्हणजे देवराईतला धौ, जो इथला सगळ्यात देखणा वृक्ष, तो मे महिन्यात जवळजवळ निष्पर्ण असतो. सावलीच्या नावाने काटक्यांची जाळी. नोकरीनिमित्त इकडे आलेल्या मराठी भटक्याला सह्याद्रीची सवय असते. तिथे निदान कळसूबाईला बारी गावातून वर जाताना आठशेहून अधिक मीटरचा चढ होतो आणि पाचेक अंश खरोखर उतरतात. अरवलीत उन्हाला उंचीचा उतारा नाही. म्हणूनच उन्हाळ्यातली लांब चाल नेमकी कशावर अवलंबून असते, हे समजून घ्यायला ती सह्याद्रीपेक्षाही चांगली शाळा आहे.

ती चाल अंतरावर अवलंबून नसते, चढावरही फारशी नसते. ती पाण्यावर असते. आज किती किलोमीटर कापायचे, असे विचारून उन्हाळ्याचा बेत आखला तर तो चुकतोच. किती लिटर पाणी आहे आणि ते कुठे आहे, हे विचारून आखला तर किलोमीटर आपोआप ठरतात. यात कुठलेही काव्य नाही, सरळ हिशेब आहे. माणसाचे स्नायू खाल्लेल्या अन्नातल्या ऊर्जेपैकी फार तर पाव हिस्सा कामाला लावतात, उरलेल्याची उष्णता होते. दहा-बारा किलोची सॅक घेऊन चढणाऱ्या माणसाच्या अंगात साधारण चारशे ते पाचशे वॅट उष्णता सतत तयार होत असते. हवा पंचवीस अंशांवर असेल तर त्यातली बरीचशी त्वचेवरून नुसती वाऱ्यावर निघून जाते. पण त्वचेचे तापमान पस्तीसच्या आसपास असते आणि बाहेरची हवा त्याहून गरम झाली की हा रस्ता उलटा वाहू लागतो: वारा अंगाला थंड करण्याऐवजी तापवतो. मग उरतो एकच मार्ग, घाम. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर तो सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. पाचशे वॅट म्हणजे तासाला १,८०० किलोज्यूल. त्यासाठी पाऊण लिटर घाम हवा. वरून ऊन, खालून कातळ, बाजूने लू यांची भर धरली की आकडा तासाला लिटरभर किंवा अधिक होतो. आणि जो घाम न वाळता टपकून जातो, त्याचा थंडाव्याला काहीच उपयोग नाही. सॅकखाली पाठ ओलीचिंब होते ती याच खात्यात जमा.

आता हा लिटर पाठीवर चढवून पाहा. आठ तासांच्या चालीला आठ लिटर, मुक्कामाच्या स्वयंपाकाला आणि रात्रीच्या पिण्याला आणखी तीन. झाले अकरा किलो. तंबू, अंथरूण, शिधा यांचे आठ-दहा किलो आधीच आहेत. वजन दुप्पट झाले की चढताना तयार होणारी उष्णताही वाढली, म्हणजे घाम वाढला, म्हणजे आणखी पाणी. हे चक्र कुठेतरी तोडावेच लागते आणि तोडायची जागा एकच: दिवसाच्या मध्यावर किंवा निदान संध्याकाळी खात्रीचे पाणी मिळाले पाहिजे. ‘तहान लागेल तेव्हा एकदम भरपूर पिऊन घेऊ’ हाही मार्ग बंद असतो, कारण पोट-आतड्याची पाणी शोषायची मर्यादा तासाला लिटरभराच्या आसपास आहे. सकाळी दोन लिटरची तूट पडली तर ती दुपारी चालता चालता भरून निघत नाही. थांबावे लागते, सावलीत, आणि चांगले दोन-तीन तास.

हा हिशेब आपल्या पूर्वजांना वॅट-किलोज्यूल न मोजता ठाऊक होता, याचे पुरावे डोंगरात दगडावर कोरलेले आहेत. जुन्नरजवळचा नाणेघाट हा सातवाहनकालीन व्यापारी मार्ग. तिथली गुहा आणि नागनिकेचा लेख पाहायला लोक जातात. पण वाटेच्या कडेने कातळात खोदलेली पाण्याची टाकी हा त्या मार्गाचा खरा कणा आहे. कोकणातून माल घेऊन चढणाऱ्या तांड्याला माथ्यावर पोचताच पाणी हवे, हे ज्यांनी घाट बांधला त्यांनी आधी पाहिले. किल्ल्यांचेही तेच. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात गड बांधण्याआधी पाणी पाहावे, नसेल तर खडक फोडून टाकी करावीत आणि एका झऱ्यावर विसंबून राहू नये, असा स्पष्ट आदेश आहे. कुलंगच्या माथ्यावरची टाक्यांची ओळ पाहिली की त्या आदेशामागची परंपरा किती जुनी असेल याची कल्पना येते. फरीदाबादेतही हीच अक्कल दिसते, फक्त ती तटबंदीऐवजी बांधाच्या रूपात. सूरजकुंड आज फेब्रुवारीतल्या हस्तकला मेळ्यामुळे ओळखले जाते, पण मुळात तो तोमर राजांच्या काळातला पायऱ्यांचा तलाव आहे. जवळच अनंगपूरला त्याच घराण्याच्या नावाशी जोडलेला दगडी बंधारा अजून उभा आहे. पावसाळ्यात चार-सहा आठवडे पाणी वाहून नेणाऱ्या या डोंगरात ते अडवल्याशिवाय माणूस टिकत नाही, हे हजारेक वर्षांपूर्वी इथे राहणाऱ्यांनी ओळखले होते.

आजच्या भटक्याची अडचण अशी की ती व्यवस्था मोडली आहे आणि तिच्या जागी फसवे पाणी आले आहे. बडखलचा प्रसिद्ध तलाव या शतकाच्या सुरुवातीला कोरडा पडला. पुढे त्यात प्रक्रिया केलेले सांडपाणी सोडून तो भरण्याचे काम हाती घेतले गेले. डोळ्यांना बरे, पण ते बाटलीत भरायचे पाणी नव्हे, खिशात कितीही चांगला फिल्टर असो. त्याहून वाईट आहेत जुन्या खाणी. बदरपूर वाळू आणि दगडासाठी इथला डोंगर अनेक वर्षे उकरला गेला. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकामाला मनाई केली तेव्हा काही खड्डे भूजलाच्या पातळीखाली गेलेले होते. ते आज निळ्याशार तळ्यांसारखे दिसतात. काठ सरळ तुटलेले, खोली अंदाजापलीकडची, पाय टेकायला कठडा नाही. उन्हाने हैराण होऊन पोहायला उतरलेले तरुण त्यात बुडाल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत आल्या आहेत. म्हणजे नकाशावर निळा ठिपका दिसला की पाणी मिळाले, असे अरवलीत समजता येत नाही. खरे पाणी गावात आहे: मंगर, कोट, धौज, सिरोही, पाली. म्हणून इथे उन्हाळ्यात आखायची वाट ही माथ्याच्या धारेवरून सलग जाणारी नसून गावाला लागून-सुटून जाणारी असते. शिखरे जोडणाऱ्याला ती कमीपणाची वाटेल. पाणी जोडणाऱ्याला तीच एक वाट दिसते.

यावर मराठी माणूस हमखास काय म्हणतो ते ठरलेले आहे. ‘आमचे मावळे काय थर्मास घेऊन फिरत होते?’ वारकरी चालतो, धनगर मेंढरे घेऊन चालतो, आणि चैत्रात शिखर शिंगणापूरच्या मुंगी घाटातून पाण्याने भरलेल्या कावडी खांद्यावर घेऊन माणसे सरळ कडा चढतात. मग सॅक घेतलेल्या शहरी पोराचे एवढे लाड कशाला? आक्षेप वरवर बिनतोड आहे, म्हणून तो नीट तपासायला हवा. मुंगी घाटाची चढाई अवघड आहेच. पण ती काही तासांची असते, दोन्ही बाजूंना मानवी साखळी असते आणि कावड चढवणारा माणूस माणदेश-पुरंदरच्या उन्हात आयुष्यभर राबलेला असतो. ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदीहून पंढरपूरला सुमारे अडीचशे किलोमीटर जाते, ते अठरा-वीस दिवसांत. दिवसाला सरासरी बारा-चौदा किलोमीटर, मध्ये विसावा, प्रत्येक टप्प्यावर पाणी आणि जेवण. आणखी मोठे उदाहरण घ्यायचे तर १७६० चे. सदाशिवरावभाऊंची फौज मार्चमध्ये परतूरहून निघाली आणि ऑगस्टच्या सुरुवातीला दिल्लीत आली. भर उन्हाळा आणि पावसाळ्याचे तोंड अंगावर घेऊन हजार किलोमीटरहून जास्त वाटचाल झाली, यात शंका नाही. पण भागाकार केला तर मुक्काम धरून दिवसाला आठ-दहा किलोमीटर पडतात. नदी, चारा आणि पाणी पाहून कूच, नाहीतर तळ. दोन दिवसांच्या सुट्टीत पन्नास किलोमीटरची रांग ‘मारायची’ ही कल्पना त्या परंपरेतली नाही. ती शनिवार-रविवारची देणगी आहे. पूर्वजांचा दाखला द्यायचाच तर त्यांचा वेगही घ्यावा लागेल.

दुसरा आक्षेप जास्त आधुनिक आणि जास्त घातक आहे: तंदुरुस्त माणसाला ऊन बाधत नाही. या समजुतीचा निकाल सैन्याने केव्हाच लावला आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत साउथ कॅरोलिनातल्या पॅरिस आयलंड या मरीन प्रशिक्षण तळावर धडधाकट, विशीतले जवान उष्माघाताने कोसळत होते. याग्लू आणि मिनार्ड या संशोधकांनी १९५७ मध्ये त्यावर उपाय मांडला. साध्या तापमानाऐवजी आर्द्रता, ऊन आणि हवा यांचा एकत्रित निर्देशांक काढायचा आणि तो अमुक पातळीला पोचला की कवायत कमी करायची किंवा बंद ठेवायची. निर्देशांकात सर्वांत जास्त वजन, दहात सात भाग, आर्द्रतेला दिलेले होते. नियम लागू झाले आणि उन्हाने कोसळणाऱ्यांची संख्या झपाट्याने घटली. जवान तेच होते, व्यायाम तोच होता. बदलली ती फक्त वेळ आणि विश्रांती. तंदुरुस्ती उन्हात मदत करते, पण ती दुधारी आहे. चांगला चालणारा माणूस जास्त वेगाने चालतो, म्हणजे जास्त उष्णता निर्माण करतो, आणि मागे पडायची लाज वाटत असल्यामुळे थांबत नाही. उन्हाची सवय ही वेगळी गोष्ट. ती दररोज तासभर उन्हात कष्ट केल्याने दहा ते चौदा दिवसांत अंगी येते. घाम लवकर सुटू लागतो, त्यात मीठ कमी जाते, नाडी स्थिर राहते. पण दोन-तीन आठवडे खंड पडला की सवय गेली. सोमवार ते शुक्रवार एसीत बसून शनिवारी अरवली चढणाऱ्याजवळ ती नसतेच, मॅरेथॉनची पदके कितीही असोत.

तापमानाच्या आकड्यावर विश्वास ठेवायची सवयही सोडावी लागेल. २९ मे २०२४ रोजी दिल्लीतल्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ अंश दाखवले आणि देशभर ठळक बातम्या झाल्या. पुढे हवामान खात्याने तपासणी करून संवेदक तीन अंश जास्त दाखवत होता असे सांगितले. त्या गोंधळात एक गोष्ट बाजूला पडली. एप्रिल-मेमधली दिल्लीची हवा कोरडी असते. ४३ अंशांना आर्द्रता १८ टक्के असेल तर तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून घेतलेले तापमान, म्हणजे वेट बल्ब, येते २४ च्या जवळपास. घाम चटकन वाळतो, शरीर थंड राहू शकते; धोका असतो तो पाणी संपण्याचा. आता जूनअखेरीस या. दिल्लीत पावसाची सर्वसाधारण तारीख २७ जून. त्याच्या आगेमागे पारा ३६ वर उतरतो, लोक सुटकेचा नि:श्वास टाकतात, पण आर्द्रता साठ टक्क्यांवर गेलेली असते आणि वेट बल्ब २९ ओलांडतो. कोकणात एप्रिलपासूनच हे चित्र असते. या हवेत घाम येतो, वाळत नाही; पाणी कितीही प्या, थंडावा मिळत नाही. वेट बल्ब ३५ झाला की माणूस टिकत नाही असे पूर्वी मानले जाई. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या अलीकडच्या प्रयोगांत धडधाकट तरुणांचीही मर्यादा दमट हवेत ३१ च्या आसपास निघाली, आणि तीही अगदी हलक्या हालचालींत. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्रभूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उघड्या मैदानात बसलेल्या श्रोत्यांपैकी १४ जण उष्माघाताने गेले. पारा सुमारे ३८ होता, दिल्लीच्या मानाने मामुली. ते चालतही नव्हते. पाठीवर ओझे घेऊन चढणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा, ५२.९ नव्हे.

मेमध्ये मर्यादा पाण्याची, जुलैत वाफेची. दोन्ही ऋतूंत मोजमाप वेगळे. पण म्हणून लिटरचा हिशेब कोलमडत नाही. दमट हवेत तो अधिक कडक होतो, कारण तिथे लिटर वाढवून भागत नाही, तास कमी करावे लागतात. याच संदर्भात सह्याद्रीतली एक खोड सांगितली पाहिजे, ती फार कमी लोक ध्यानात घेतात. घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या वाटा ‘सोप्या’ मानल्या जातात, कारण उतार आहे. सकाळी माथ्यावर वारा खात भटकायचे आणि दुपारी नाळेने खाली उतरायचे, असा बेत सर्रास होतो. पण माथ्यावरच्या आठशे-हजार मीटरवरून तळाच्या शंभर मीटरवर येताना हवा पाच-सहा अंशांनी तापते आणि दमट होत जाते, तेही दिवसाच्या सर्वांत वाईट वेळेला, अंगातले पाणी सर्वांत कमी असताना, नाळेच्या तापलेल्या धोंड्यांतून. अमेरिकेतल्या ग्रँड कॅनियनमध्ये हीच गोष्ट आहे: खाली उतरणे सोपे, तळ भट्टीसारखा. तिथले उद्यान प्रशासन उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात दरीच्या आतल्या भागात चालू नका, असे स्वच्छ सांगते. आपल्याकडे असे सांगणारे कोणी नाही. तेव्हा सांगणारा आपणच.

वेळेच्या बाबतीत मराठी ट्रेकरांकडे एक चांगली रूढी आहे. पुण्याची कात्रज ते सिंहगड ही टेकड्यांची चाल अनेक वर्षे चांदण्या रात्री केली जाते. अरवलीत मात्र रात्र तशीच्या तशी उचलून आणता येत नाही. इथे बिबटे आहेत, फुरशासारखे विषारी साप उन्हाळ्यात रात्रीच बाहेर पडतात, शेजारच्या असोला भट्टी अभयारण्यात रात्रीचा प्रवेश नाही, आणि खाणींचे उघडे काठ अंधारात दिसत नाहीत. संध्याकाळही फारशी कामाची नाही; दुपारी तीन-चारला पारा शिखरावर असतो आणि सूर्य मावळल्यावर कातळ आपली साठवलेली उष्णता तासन्‌तास परत देत राहतो. उरते ती पहाट. तापमान दिवसातले सर्वांत कमी सूर्योदयाच्या सुमारास असते आणि उत्तरेला असल्यामुळे जूनमध्ये फरीदाबादेत पाच वाजता चांगले उजाडते, पुण्याच्या आधी अर्धा तास. पाच ते साडेनऊ, मग गावात किंवा दाट सावलीत मुक्काम, आणि शक्य असेल तर संध्याकाळी तास-दीड तास. दिवसाचे दहा ते चौदा किलोमीटर. वारीचाच आकडा पुन्हा समोर आला, हा योगायोग नाही. मुक्कामाच्या चुलीबद्दलही एक वाक्य: वाळलेल्या गवतात विस्तव नको. मार्च २०१८ मध्ये तामिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात वणव्यात सापडून वीसहून अधिक ट्रेकर मेले. मंगरच्या बणीत तर गावाने पिढ्यानपिढ्या फांदीसुद्धा तोडलेली नाही. तिथे विस्तव पेटवणारा पाहुणा म्हणवण्याच्या लायकीचा नाही.

पाण्याचा एवढा घोष केल्यावर कोणी म्हणेल, मग नुसते पाणीच पीत राहावे. तेही धोक्याचे. घामात मीठ जाते. तासन्‌तास घाम गाळत नुसते साधे पाणी ढोसले तर रक्तातले सोडियम पातळ होते, डोके दुखते, मळमळते, माणूस बरळू लागतो. गंमत म्हणजे ही लक्षणे उष्माघातासारखीच दिसतात आणि सोबती आणखी पाणी पाजतात. उपाय औषधाच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळतो: ओआरएस. पुडीवर लिहिलेले पाणी पूर्ण घालायचे, अर्ध्या बाटलीत ‘कडक’ करायचे नाही. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. ताक, मीठ घातलेले लिंबूपाणी, कोकम सरबत, इथे मिळणारी छाछ आणि सत्तू, हे सगळे याच कामाचे. मीठ-साखरेशिवायचे कोकम नव्हे. दर वीस-पंचवीस मिनिटांनी थोडे-थोडे, तहानेप्रमाणे. लघवी गडद पिवळी झाली किंवा बराच वेळ झालीच नाही, तर चाल थांबवायची वेळ उलटून गेली आहे असे समजावे.

उष्माघाताची पहिली खूण अंगाला हात लावून कळत नाही, ती वागण्यात दिसते. एरवी बोलका असलेला सोबती गप्प होतो किंवा विनाकारण चिडतो, साध्या वाटेवर अडखळतो, विचारलेल्या प्रश्नाला भलतेच उत्तर देतो. घाम थांबलेला असेलच असे नाही; चालून-चालून झालेल्या उष्माघातात अंग घामाने चिंब असू शकते. शरीराच्या आतले तापमान चाळीसच्या वर गेलेले असते आणि प्रत्येक मिनिट महत्त्वाचे असते. अशा वेळी आपल्याकडे घाईघाईने उचलून गाडीकडे पळवण्याची पद्धत आहे. आधी थंड करायचे, मग हलवायचे. सावलीत आडवे करून कपडे सैल करावेत, जवळचे सगळे पाणी, पिण्यासाठी राखलेलेसुद्धा, अंगावर ओतून वारा घालत राहावे. गावात टाकी किंवा हौद असेल तर त्यात धरून, डोके वर ठेवून बुडवावे. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नये. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही, कारण हा ताप संसर्गाचा नव्हे. हिशेबात म्हणून प्रत्येकी एक लिटर पाणी न पिता राखून ठेवायचे असते. ते वजन निरुपयोगी वाटते खरे, पण वरच्या हिशेबातले सगळ्यात शहाणे किलो तेच.

शेवटचा आक्षेप सर्वांत समंजस आहे. एवढा व्याप असेल तर उन्हाळ्यात अरवलीत कशाला, सरळ हिमालयात उंच जावे. जावे, पण ते गारव्याच्या भरवशावर जाणेही तितकेच अंधपणाचे ठरते. जून २०२४ मध्ये दिल्ली उष्णतेच्या लाटेतून जात असतानाच उत्तराखंडात सहस्रतालच्या वाटेवर हिमवादळात सापडून कर्नाटकातून आलेल्या एका गटातले ९ जण गारठून मेले. चार-साडेचार हजार मीटरवर हिशेब पाण्याचा नसतो, हवामानाचा आणि उबेचा असतो. तो वेगळा लेख. राहिला प्रश्न, अरवलीत उन्हाळ्यात चालण्यात मिळते काय? एक गोष्ट फक्त उन्हाळ्यातच मिळते: पाण्याची खरी यादी. पावसाळ्यानंतर प्रत्येक जोहड, म्हणजे गावतळे, भरलेला, प्रत्येक ओढा वाहता दिसतो, आणि हिवाळ्यात आखलेल्या वाटा त्या भरवशावर नकाशावर चढतात. कोणता जोहड जूनच्या दुसऱ्या आठवड्यात टिकतो, कोणत्या गावाचा हातपंप अजून चालतो, कुठल्या देवळाजवळ माठ भरलेला असतो, हे तेव्हाच कळते. सह्याद्रीत कुठल्या गडावरचे टाके बारमाही आहे हे जाणत्या भटक्यांना आणि पायथ्याच्या गावकऱ्यांना तोंडपाठ असते. नाणेघाटापासून शिवनेरीच्या गंगा-जमुना टाक्यांपर्यंत ही माहिती पिढ्यानपिढ्या पुढे आली. दिल्लीच्या उंबरठ्यावरच्या या रांगेची अशी यादी अजून कोणी नीट केलेली दिसत नाही. धौज ते मंगर, मंगर ते असोला, एवढ्या टप्प्याचीही पहाटेच्या चार-पाच छोट्या चालींत करता येईल, आणि ती करायला मे आणि जूनचे पहिले पंधरा दिवस याहून चांगला काळ नाही.